फाउंड्रीच्या वेबसाइटचे काम: गरजा कोणाच्या धरायच्या आणि कशा लिहून घ्यायच्या?

राजारामपुरीकर यांचा प्रश्न

नमस्कार. राजारामपुरीत आमचा वेबसाइट बनवण्याचा लहानसा व्यवसाय आहे. आजवर बहुतेक कामे दवाखाने, शिकवण्या आणि मंगल कार्यालये यांची झाली. तिथे चार-पाच पाने, फोन नंबर आणि नकाशा एवढ्यावर भागत असे, त्यामुळे गरजा वेगळ्या लिहून घेण्याची वेळ फारशी आली नाही. आता गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीतल्या एका मध्यम आकाराच्या फाउंड्रीकडून, म्हणजे धातूचे ओतकाम करणाऱ्या कारखान्याकडून, विचारणा आली आहे. सी.आय. (साधे बीड) आणि एस.जी. आयर्न (त्याहून चिवट ओतीव लोखंड) अशी दोन्ही प्रकारची कास्टिंग्ज, म्हणजे ओतीव भाग, ते करतात, काहींचे मशिनिंगही त्यांच्याकडेच होते.

पहिल्या बैठकीत ज्याने त्याने आपापली यादी सांगितली. थोरल्या साहेबांना संस्थापकांचे छायाचित्र, कारखान्याचा सविस्तर इतिहास आणि वेबसाइट उघडताच सुरू होणारा व्हिडिओ हवा आहे. धाकट्या साहेबांचे लक्ष निर्यातीवर असल्यामुळे त्यांना इंग्रजीबरोबर जर्मन भाषा हवी आहे. मार्केटिंगच्या गृहस्थांचे म्हणणे एकच, की एन्क्वायरी वाढल्या पाहिजेत. मनुष्यबळ विभागाला नोकरीचे अर्ज ऑनलाइन घ्यायचे आहेत, आणि बैठक संपता संपता कोणीतरी वरून सरकणाऱ्या बातम्यांची पट्टीही सुचवली. या वेबसाइटवर नेमके कोण येणार, असे मी विचारले तेव्हा उत्तर मिळाले, "आमचे गिऱ्हाईक आम्हाला माहीत आहे, तुम्ही डिझाइन दाखवा."

या सर्व मागण्या जशाच्या तशा गरजा म्हणून लिहून घ्याव्यात का? वापरणाऱ्यांची गरज आणि मालकांची गरज यांत तफावत पडली तर निवाडा कशाच्या आधारावर करावा? आणि हा सगळा अभ्यास कोटेशन देण्याआधी फुकट करायचा की त्याचे पैसे घ्यायचे? अशा प्रकारच्या कामाचा अनुभव असलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

कागलकर (सध्या पुण्यात) यांचे उत्तर

मी सॉफ्टवेअर कंपनीत बिझनेस अॅनालिस्ट म्हणून काम करतो. गरजा गोळा करून त्या लेखी मांडणे हाच माझा रोजचा उद्योग आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आपल्या यादीतली जवळजवळ प्रत्येक बाब हा उपाय आहे, गरज त्याच्या मागे आहे. व्हिडिओचेच उदाहरण घ्या. तो कशासाठी हवा असे विचारले, तर थोरले साहेब बहुधा म्हणतील की आमची मोल्डिंगची (साचे तयार करण्याची) लाइन केवढी आहे हे लोकांना दिसले पाहिजे. ते दिसल्याने काय व्हावे असे आणखी विचारले, तर कदाचित असे बाहेर येईल की अनोळखी लोक त्यांना अजूनही हाताने मोल्डिंग करणारी जुनी फाउंड्री समजतात आणि मोठ्या संख्येची कामे विचारतच नाहीत. आता गरज हाती आली: उत्पादनक्षमता अनोळखी माणसाला पहिल्या मिनिटात कळली पाहिजे. ती व्हिडिओने भागेल, एका चांगल्या छायाचित्राने भागेल किंवा चार आकड्यांच्या तक्त्यानेही भागेल, आणि यांतले काय स्वस्त आणि जलद हे सांगणे आपले काम आहे.

"एन्क्वायरी वाढल्या पाहिजेत" हे वाक्य मात्र अधिक खोलात जाऊन तपासावे, कारण फाउंड्रीच्या बाबतीत ते बऱ्याचदा अर्धेच खरे असते. मोल्डिंग बॉक्सचे माप ठरलेले असते, भट्टीतून एका वेळी निघणारा धातू ठरलेला असतो, म्हणजे कास्टिंगच्या आकाराला आणि वजनाला वरची मर्यादा आपोआप येते. त्या मर्यादेबाहेरची एन्क्वायरी आली तरी एस्टिमेशन करणाऱ्या माणसाला ड्रॉइंग उघडावे लागते, वजन काढावे लागते, कोअर (पोकळ भागांसाठी साच्यात ठेवायचे गाभे) किती लागतील हे पाहावे लागते, पॅटर्नचा (ज्यावरून साचा घेतात त्या नमुन्याचा) खर्च धरावा लागतो, आणि एवढे करून शेवटी "रिग्रेट" कळवावे लागते. अशा एन्क्वायरी दुप्पट झाल्या तर कारखान्याचा तोटाच होतो. म्हणून व्यवसायाची गरज अशी लिहा, की आलेल्या एन्क्वायरींपैकी प्रत्यक्ष कोटेशन देण्याजोग्या एन्क्वायरींचे प्रमाण वाढावे. हे प्रमाण आज किती आहे ते त्यांच्या मेलवरून आणि नोंदवहीवरून आत्ताच काढून ठेवता येईल आणि वेबसाइट सुरू झाल्यानंतर सहा महिन्यांनी पुन्हा ताडून पाहता येईल. ज्याची आजची स्थिती मोजलेलीच नाही, ते सुधारले की नाही यावर नंतर नुसताच वाद होतो.

आता गिऱ्हाइकाविषयी. साहेबांचे गिऱ्हाईक साहेबांना माहीत आहे, हे अगदी खरे आहे. मात्र ते गिऱ्हाईक वेबसाइटवर येत नाही, कारण त्याच्याकडे साहेबांचा मोबाइल नंबर आहे. वेबसाइटवर येतो तो अनोळखी माणूस, आणि त्याच्याविषयी कारखान्यात सर्वांत जास्त माहिती असते ती फोन उचलणाऱ्या व्यक्तीला आणि एन्क्वायरीचा मेल उघडणाऱ्याला. त्या दोघांजवळ थोडा वेळ बसा आणि गेल्या वर्षभरातले अनोळखी लोकांचे पहिले मेल वाचायला मागा. लोक पहिल्या मेलमध्ये काय विचारतात, उत्तर गेल्यानंतर दुसऱ्या मेलमध्ये काय विचारतात आणि कोणत्या टप्प्यावर गप्प होतात, हे वहीत त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. दुसऱ्या मेलमधले प्रश्न म्हणजे वेबसाइटवर नसलेली माहिती.

लिहिण्याची पद्धत साधी ठेवा. एक तक्ता करा आणि त्यात पाच रकाने ठेवा: कोण येणार, काय काम घेऊन येणार, ते काम झाल्याने कारखान्याला काय मिळणार, त्यासाठी लागणारी माहिती आज कोणाकडे आहे, आणि वेबसाइट सुरू झाल्यानंतर ती ताजी कोण ठेवणार. शेवटच्या रकान्यात पदनाम लिहिता आले नाही तर ती ओळ खोडावी, असे माझे स्पष्ट मत आहे. सरकणाऱ्या बातम्यांची पट्टी याच रकान्यात अडकेल. औद्योगिक वसाहतींतल्या कितीतरी वेबसाइटवर तीन वर्षांपूर्वीच्या दसऱ्याच्या शुभेच्छा अजून सरकत असतात, आणि कारखाना चालू आहे की बंद पडला अशी शंका पाहणाऱ्याला येते.

प्राधान्य ठरवण्यासाठी "हवेच", "असावे", "असल्यास चालेल" आणि "या टप्प्यात नको" असे चार गट पाडा. ही पद्धत १९९४ मध्ये ओरॅकलच्या इंग्लंडमधल्या कार्यालयात काम करणाऱ्या डाय क्लेग यांनी मांडली, तिला (Must, Should, Could, Won't या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून) मॉस्को पद्धत म्हणतात. बैठकीत प्रत्येक जण आपली मागणी "हवेच" मध्येच घालणार हे गृहीत धरा, आणि आधीच सांगून ठेवा की एकूण कामाच्या साधारण साठ टक्क्यांपेक्षा जास्त काम त्या गटात बसवले जाणार नाही. चौथा गटही लेखी हवा. "नको" असे लिहिलेले नसेल तर ते "राहून गेले" असे धरले जाते आणि शेवटच्या आठवड्यात परत येते.

वेगाची अटही गरज म्हणूनच लिहा. गूगलच्या मोजमापानुसार पानावरचा सर्वांत मोठा घटक २.५ सेकंदांच्या आत दिसला पाहिजे, वापरणाऱ्याच्या क्रियेला २०० मिलिसेकंदांच्या आत प्रतिसाद मिळाला पाहिजे (हे माप मार्च २०२४ पासून आले) आणि पान उघडताना मजकूर इकडेतिकडे उडी मारता कामा नये. हे आकडे तक्त्यात असले, की उघडताच सुरू होणाऱ्या व्हिडिओविषयीचा वाद आपल्या आवडीनिवडीचा राहत नाही, चाचणीचा होतो.

चाकण खरेदी विभाग यांचे उत्तर

कागलकरांनी ज्या अनोळखी माणसाचा उल्लेख केला, तो मी. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी खरेदी विभागात आहे आणि नवीन कास्टिंग पुरवठादार शोधताना कोल्हापूरच्या फाउंड्रींच्या वेबसाइट पाहणे हे माझ्या कामाचा भाग आहे. मी वेबसाइट पाहतो ती पुरवठादार निवडण्यासाठी क्वचितच, बहुतेक वेळा तो यादीतून वगळण्यासाठी. ज्या कारखान्याची माहिती मिळत नाही तो वगळला जातो, कारण फोन करून विचारण्याइतका वेळ प्रत्येकासाठी नसतो.

मी काय शोधतो ते सांगतो. कोणते ग्रेड ओततात, एका नगाचे वजन किती ते किती, बॉक्सचे माप काय, महिन्याची क्षमता किती टन आणि त्यातली रिकामी किती, मशिनिंग कारखान्यातच होते की बाहेर. त्यानंतर प्रयोगशाळा: स्पेक्ट्रोमीटर आहे का, सूक्ष्मरचना तपासण्याची सोय आहे का, कडकपणा कशावर मोजतात. त्यानंतर प्रमाणपत्र. वाहन उद्योगासाठी आयएटीएफ १६९४९ हे गुणवत्ता व्यवस्थापनाचे प्रमाणपत्र लागते आणि त्याची मुदत तीन वर्षांची असते. पुष्कळ वेबसाइटवर नुसते प्रमाणपत्राचे चिन्ह छापलेले असते. मला त्या चिन्हाचा उपयोग नाही. प्रमाणपत्राची पीडीएफ हवी, त्यावरची मुदत आणि व्याप्ती वाचता आली पाहिजे, कारण कधी कधी प्रमाणपत्र मशिनिंगच्या युनिटचे असते आणि मला कास्टिंग हवे असते.

धाकट्या साहेबांच्या जर्मन भाषेविषयी थोडे वेगळे मत आहे. युरोपातला खरेदी अभियंता इंग्रजी वाचतो, त्याची अडचण भाषेची नसून मानकांची असते. ज्या ग्रेडला आपल्याकडे आयएस २१० या भारतीय मानकानुसार एफजी २६० म्हणतात, त्याच्यासाठी तो युरोपीय मानकातले ईएन-जीजेएल-२५० शोधत असतो, आणि जुन्या ड्रॉइंगवर त्याच्याकडे जीजी २५ लिहिलेले असते. एस.जी. आयर्नच्या बाबतीत आपले आयएस १८६५ मधले ५००/७ त्याच्याकडे ईएन-जीजेएस-५००-७ या नावाने असते. हे ग्रेड तंतोतंत सारखे असतातच असे नाही, म्हणून "जवळचा ग्रेड" असा रकाना करून धातुतज्ज्ञाकडून तो तपासून घ्यावा. सबंध वेबसाइटच्या जर्मन भाषांतरापेक्षा हा एक तक्ता निर्यातीला अधिक उपयोगी पडेल, आणि शोधयंत्रातही फाउंड्री त्याच शब्दांनी सापडेल.

एन्क्वायरी फॉर्मबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. ड्रॉइंग ही आमच्या ग्राहकाची गोपनीय मालमत्ता असते. ते कोठे साठवले जाणार आणि कोण पाहणार हे लिहिलेले नसेल, तर मी ते कोणत्याही फॉर्ममध्ये चढवणार नाही. फॉर्ममध्ये पहिल्या टप्प्यावर ग्रेड, अंदाजे वजन, वार्षिक संख्या आणि मशिनिंग हवे की नको एवढेच विचारावे; ड्रॉइंग गोपनीयतेचा करार झाल्यावर घ्यावे. संपर्काचा पत्ता फाउंड्रीच्या स्वतःच्या डोमेनवरचा असावा. फुकट मेलसेवेच्या पत्त्यावर ड्रॉइंग पाठवायला आमच्या कंपनीत परवानगी नाही, आणि असे नियम अनेक मोठ्या कंपन्यांत आहेत.

आणखी एक मुद्दा, जो कारखान्यातल्या कोणाच्याही यादीत येणार नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी महामार्गावर येऊन शिरोलीजवळ वाहतूक बंद पडली होती. गोकुळ शिरगाव नदीच्या दक्षिणेला आहे, म्हणजे तिथून पुण्याकडे येणारा माल पलीकडेच अडकतो. आमच्याकडे जोडणीची लाइन त्या काळात थांबत नाही. त्यामुळे नवीन पुरवठादार घेताना आमचे वरिष्ठ हमखास विचारतात, की पावसाळ्यात तुमचा माल कसा येणार. ज्या फाउंड्रीने जुलै-ऑगस्टसाठी पुणे भागात गोदामात साठा ठेवण्याची सोय केली असेल, तिने ते वेबसाइटवर दोन ओळींत लिहावे. सोय केलेली नसेल तर लिहू नये हे उघडच आहे, पण मग वेबसाइटच्या निमित्ताने हा प्रश्न साहेबांच्या कानावर घालण्यास हरकत नाही.

चप्पल लाईनवरून यांचे उत्तर

माझा व्यवसाय वेगळा आहे. आमचे कोल्हापुरी चपलांचे दुकान आहे आणि आम्ही ऑनलाइन विक्रीची वेबसाइट करून घेतली आहे. फाउंड्रीला यातले सगळे लागू पडणार नाही, पण मालकाच्या बाजूने एक-दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

आमच्या गरजा आम्हाला व्हॉट्सअॅपने शिकवल्या. वेबसाइट होण्याच्या आधीपासून मुंबई-पुण्याची मंडळी कागदावर पाऊल ठेवून, पेन्सिलीने कड काढून त्याचा फोटो पाठवत असत आणि "यात कोणता नंबर बसेल?" असे विचारत. बुटाचा नंबर लोकांना माहीत असतो, पण कोल्हापुरी चपलेत अंगठ्याची पकड आणि पट्ट्याची उंची वेगळी, शिवाय चामडे वापराने सैल होते, त्यामुळे सुरुवातीला थोडी घट्ट घ्यावी लागते. वेबसाइट करणाऱ्या मुलाने आम्हाला आधी नेहमीच्या दुकानांसारखा नंबरांचा तक्ता दाखवला होता. नंतर त्याने ते सगळे फोटो पाहिले आणि मापाचे पान त्याच पद्धतीने बांधले: कागदावर पाऊल ठेवा, टाचेपासून अंगठ्यापर्यंतची लांबी आणि चवड्याची रुंदी सेंटिमीटरमध्ये भरा. गिऱ्हाईक जे आधीपासून करत होते तेच वेबसाइटने स्वीकारले. परत येणाऱ्या जोड्या त्यामुळे कमी झाल्या.

दुसरी गोष्ट साठ्याची. यंत्रावर निघणाऱ्या मालाप्रमाणे "दोन नग शिल्लक" असे आम्ही दाखवू शकत नाही. कापशी किंवा वेणीची चप्पल कारागिरांच्या घरी तयार होते, पावसाळ्यात चामडे वाळायला वेळ लागतो, सणावाराला हात कमी पडतात. म्हणून आमच्याकडे "तयार" आणि "मागणीनुसार, इतक्या दिवसांत" असे दोनच प्रकार ठेवले आहेत, आणि दिवसांचा आकडा मला मोबाइलवरून बदलता येतो. मालकाला काय काय स्वतः बदलता आले पाहिजे, ही वेगळी यादीच करून घ्यावी असे मी सुचवीन. पादत्राणांवरचा जीएसटी पाहा. जानेवारी २०२२ मध्ये हजार रुपयांपर्यंतच्या जोडीवरचा दर ५ टक्क्यांवरून १२ टक्के झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या जोडीवर ५ टक्के आणि त्यावरच्या जोडीवर १८ टक्के झाला. म्हणजे दर बदलला आणि किमतीची मर्यादाही बदलली. दर प्रोग्रॅममध्ये कोरून ठेवला असता तर प्रत्येक वेळी वेबसाइटवाल्याची वाट पाहावी लागली असती.

कायद्याच्या गरजा कोणी यादीत सांगत नाही, पण त्या असतातच. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव आणि संपर्क वेबसाइटवर द्यावा लागतो, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करावे लागते. "कोल्हापुरी" या नावाला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार अशा आठ जिल्ह्यांसाठी आहे. त्याचे चिन्ह वापरायचे तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. आमच्या वेबसाइटच्या पहिल्या मसुद्यात ते चिन्ह नुसते सजावटीसाठी प्रत्येक पानावर टाकलेले होते.

राजारामपुरीकर

सर्वांचे मनापासून आभार. चाकणच्या साहेबांनी सांगितलेला ग्रेडचा तक्ता आणि पावसाळ्यातल्या मालाचा मुद्दा आमच्या डोक्यात कधीच आला नसता. कागलकरांच्या पाच रकान्यांनुसार कच्चा तक्ता करायला घेतला आहे.

दोन शंका उरतात. पहिली शंका थोरल्या साहेबांच्या इतिहासाच्या पानाची. ते कोणत्याही खरेदीदाराच्या प्रश्नाचे उत्तर देत नाही, पण ते नको असे त्यांना सांगण्याचे धाडस माझ्याच्याने होणार नाही. दुसरी शंका नोकरीच्या अर्जांची. मनुष्यबळ विभागाला इंग्रजी फॉर्म हवा आहे, त्यात वीस-बावीस रकाने आहेत, आणि त्यांना मुख्यतः मोल्डर (साचे करणारे), फेटलर (कास्टिंग घासून साफ करणारे) आणि मशीन ऑपरेटर हवे आहेत.

कागलकर (सध्या पुण्यात)

इतिहासाचे पान नको असे सांगूच नका, ते चुकीचेही ठरेल. कास्टिंगचा पुरवठादार बदलायचा म्हणजे पॅटर्न हलवा, नमुने पुन्हा मंजूर करून घ्या, असा मोठा खटाटोप असतो, म्हणून खरेदीदाराला हा कारखाना दहा वर्षांनीही उभा असेल का हे जाणून घ्यायचे असतेच. स्थापनेचे वर्ष, दुसरी पिढी कामात असणे, कोणत्या वर्षी कोणती लाइन किंवा भट्टी बसवली, हा सगळा त्या प्रश्नाच्या उत्तराचा भाग आहे. थोरल्या साहेबांना बोलते करा आणि इतिहास वर्षवार, यंत्रांच्या आणि क्षमतेच्या वाढीसह लिहून घ्या; संस्थापकांचे छायाचित्र त्यात मानाने येईल. फक्त ते पान "आमच्याविषयी" मध्ये असावे आणि पहिल्या पानावर क्षमतेचे आकडे असावेत. माझा अंदाज आहे की साहेबांना जागेपेक्षा ते नीट लिहिले जाण्याची काळजी अधिक असेल.

एक व्यावहारिक सूचना. जुना मजकूर मराठीत मिळाला तर तो श्रीलिपीत, म्हणजे युनिकोडआधीच्या जुन्या फाँटमध्ये, टाइप केलेला असण्याची शक्यता मोठी आहे. तो युनिकोडमध्ये बदलताना रफार आणि जोडाक्षरे हमखास बिघडतात, त्यामुळे मुद्रितशोधनाचा वेळ अंदाजपत्रकात वेगळा धरा.

चाकण खरेदी विभाग

इतिहासाविषयी सहमत आहे. स्थापनेचे वर्ष मी पाहतोच.

शाहूपुरीचा सल्लागार यांचे उत्तर

मी लहान उद्योगांना संगणकीकरणाच्या करारांबाबत सल्ला देतो. नोकरीच्या फॉर्मविषयी आणि पैशांविषयी लिहितो.

मोल्डर किंवा फेटलरचे काम शोधणारा माणूस मोबाइलवर, बहुधा दुसऱ्याने पाठवलेल्या दुव्यावरून येईल. त्याच्यासाठी पान मराठीत असावे, कामाचे नाव, पाळी, वयाची आणि अनुभवाची अट, बसची किंवा जेवणाची सोय आहे का, हे आधी लिहावे, आणि फॉर्ममध्ये नाव, मोबाइल नंबर, गाव आणि आधी केलेले काम एवढेच विचारावे. बाकीचे रकाने गेटवर मुलाखतीच्या दिवशी भरून घेता येतात. मनुष्यबळ विभागाला हे पटवण्यासाठी वाद घालू नका. त्यांच्या इंग्रजी फॉर्मची आणि लहान मराठी फॉर्मची कागदी प्रत काढा, आणि पाळी सुटताना चार-पाच कामगारांना विभागाच्या माणसासमोर दोन्ही भरायला द्या. याकोब नील्सन यांनी २००० साली मांडले होते, की एकाच प्रकारच्या पाच वापरकर्त्यांना पाहिले तरी बहुतेक मोठ्या अडचणी दिसून येतात. खरेदीदार हा वेगळा प्रकार आहे, त्याच्यासाठी ही चाचणी वेगळी घ्यावी लागेल.

रकाने कमी ठेवण्याला दुसरेही कारण आहे. वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. अर्जदाराची माहिती कशासाठी घेतली आणि काम झाल्यावर ती कधी पुसणार, हे सांगण्याची जबाबदारी कारखान्यावर येणार आहे. जी माहिती घेतलीच नाही तिच्याविषयी उत्तर द्यावे लागत नाही. विशेषतः आधार कार्डाची प्रत अर्जाबरोबर मागवण्याची सवय इथे फार आहे, ती या फॉर्ममधून काढून टाका.

आता पैशांविषयी. गरजांचा अभ्यास फुकट करू नये, पण तो वेबसाइटच्या एकूण रकमेत लपवूही नये. दोन कोटेशन द्या. पहिले फक्त अभ्यासाचे: ठरावीक रक्कम, जीएसटीसह, आणि त्याच्या बदल्यात कारखान्याच्या हाती पडणारा दस्तऐवज, म्हणजे गरजांचा तक्ता, पानांची रचना आणि मजकूर कोणी कोणत्या तारखेपर्यंत द्यायचा याची यादी. हा दस्तऐवज कारखान्याच्या मालकीचा राहील आणि तो घेऊन ते दुसऱ्या कोणाकडूनही वेबसाइट करून घेऊ शकतील, असे त्यात स्पष्ट लिहा. वाचायला हे जोखमीचे वाटते, पण मालकाची पैसे देण्याची तयारी याच वाक्यामुळे होते. दुसरे कोटेशन अभ्यासानंतर, तक्त्यातल्या "हवेच" आणि "असावे" या गटांचे वेगवेगळे द्या, म्हणजे रक्कम कमी करायची झाली तर कोणते काम कमी होते हे दोघांनाही दिसेल. सरसकट टक्क्यांत सूट मागण्याचा मार्ग त्यामुळे बऱ्याच अंशी बंद होतो.

तक्त्यावर सही कोण करणार हे आधी ठरवा. दोन साहेबांच्या घरात ही नाजूक बाब असते. माझा सल्ला असा की सही एकाचीच घ्यावी, पण ती घेण्याच्या बैठकीला दोघेही हजर असावेत. सहीनंतर आलेली प्रत्येक नवी मागणी लेखी घ्या, तिच्यामुळे रक्कम आणि तारीख किती बदलते ते कळवा आणि होकार आल्यावरच हात घाला. डोमेनची नोंदणी पहिल्या दिवसापासून कारखान्याच्या नावावर आणि त्यांच्याच मेलवर करा. वेबसाइटवाल्याच्या नावावर राहिलेले डोमेन सोडवून घेण्यासाठी माझ्याकडे येणारे उद्योजक कमी नाहीत.

आणि मजकुराची तारीख करारात असू द्या. अशा कामांत उशीर होतो तो बहुतेक वेळा यंत्रांचे फोटो आणि प्रमाणपत्रांच्या प्रती न मिळाल्यामुळे. फोटोंसाठी भट्टी चालू असलेला दिवस उत्पादन विभागाला विचारूनच ठरवा, आणि गिऱ्हाइकाचे नाव कोरलेला पॅटर्न किंवा कास्टिंग त्यात येणार नाही हे जाग्यावरच पाहून घ्या, नाहीतर चाकणच्या साहेबांनी सांगितलेला गोपनीयतेचा करार पहिल्याच छायाचित्रात मोडेल.